व्हरांड्यातलं एकमत

निवडणूक हरल्यावर आमच्या पक्षाने पहिलं काम कोणतं केलं असेल, तर ‘हरलो’ हा शब्द बंद केला. पराभवाला पराभव म्हटलं की कार्यकर्ते खचतात, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. म्हणून त्याला ‘थांबलेला विजय’ म्हणायचं ठरलं. हा विजय नेमका कुठे थांबलाय आणि पुन्हा निघणार कधी, हे विचारायची सोय नव्हती.

‘आमचा पक्ष’ असं मी म्हणतो खरा, पण माझा त्याच्याशी संबंध दोनच बाबतींत. पक्षाचं कार्यालय माझ्या लाँड्रीच्या बरोबर डोक्यावर आहे, आणि पक्षाचे जे मोजके नगरसेवक निवडून आले त्यांत माझी बायको आहे. पहिल्या संबंधामुळे पुढाऱ्यांचे कोट माझ्याकडे धुवायला येतात. दुसऱ्यामुळे त्यांचे पैसे मागायला मला संकोच वाटतो.

बायको आधी नर्स होती. सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणतो. लग्नानंतर काही दिवसांनी मीही चुकून चारचौघांत तिला सिस्टर म्हणालो, तेव्हा सासूबाईंनी माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला होता. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

ती नर्स होती संध्याकाळच्या दवाखान्यात. हे संध्याकाळचे दवाखाने म्हणजे आमच्या पक्षाने आजवर केलेली एकमेव धड गोष्ट. मोठं सरकारी इस्पितळ सकाळी उघडतं आणि दुपारी उरकतं. तिथे जायचं तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मग लोक काय करतात, तर जात नाहीत. दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी खाटेवरून नेण्याच्या अवस्थेत इस्पितळाला भेट देतात. कारखाने सुटल्यावर उघडणारे दवाखाने असावेत, हे आमचे संस्थापक वकीलसाहेब यांनी पक्ष काढला तेव्हा पहिल्या जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. सत्ता आल्यावर काही वॉर्डांत ते खरोखरच निघाले. उरलेल्या वॉर्डांत त्यांचे फलक निघाले.

आता गंमत पाहा. या निवडणुकीत पक्ष जिथे जिथे टिकला, ते सगळे वॉर्ड दवाखान्यांचे होते. फलकांच्या वॉर्डांत आमचा साफ धुव्वा उडाला. एखाद्याला वाटेल, यातून काही बोध घेता आला असता. पण मग त्या एखाद्याने आमचा पक्ष पाहिलेला नाही.

उलट झालं असं की जिंकून आल्याबद्दल माझ्या बायकोकडे लोक संशयाने पाहू लागले. निकालानंतरच्या पहिल्या बैठकीत खजिनदार तिला म्हणाले, “सिस्टर, राग मानू नका, पण अख्खा पक्ष बुडत असताना तुम्ही कशा काय तरंगलात?” जणू हिने बाकीच्यांचे पाय ओढले असावेत. घरात मयत झालेली असताना कुणी नवे कपडे घालून यावं तसे सगळे तिच्याकडे बघत होते, असं ती म्हणाली. तिने शुभेच्छांचे हार मुकाट्याने माझ्या दुकानात आणून ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून ती कार्यालयात पडेल चेहऱ्याने जाऊ लागली. मग जरा बरं वातावरण झालं.

हरण्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. मतदानाच्या तोंडावर अध्यक्षांनी आपली मिरवणूक काढली, ती नेमकी कारखाने सुटायच्या वेळी, नेमकी पुलावरून. दिवसभर उभ्याने काम करून थकलेली माणसं अंधार पडेपर्यंत पुलाच्या अलीकडे खोळंबली, आणि पलीकडून अध्यक्ष त्यांना हात हलवून अभिवादन करत होते. गर्दी पाहून त्यांचा ऊर भरून आला. ही सगळी माझ्यासाठी आलीत, असं ते माइकवर बोललेदेखील. त्यावर गर्दीतून जे उत्तर आलं ते बँडमुळे त्यांना ऐकू गेलं नाही.

पण पराभवाची कारणं शोधायला जी ‘दिशा समिती’ बसली, तिच्यात पुलाचं नाव कुणी काढलं नाही. समितीचे अध्यक्ष अर्थात अध्यक्षच होते. उन्हावर चर्चा झाली, मतदानयंत्रांवर झाली, तरुण पिढीच्या मोबाइलवर झाली, एकदा तर मतदारांच्या कृतघ्नतेवर झाली. पुलावर झाली नाही.

इथे आमच्या पक्षाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या पक्षात मतदान होत नाही. पक्ष निघाल्यापासून एकही ठराव बहुमताने झालेला नाही, प्रत्येक ठराव सर्वानुमते, याचा पक्षाला विलक्षण अभिमान आहे. हे जमतं कसं, तर ज्याला ठराव पसंत नसेल त्याचा फोन वाजतो. म्हणजे वाजत नाहीच, पण तो खिशातून काढून कानाला लावतो, “एक मिनिट हं, घरून आहे,” म्हणतो आणि बाहेर व्हरांड्यात जातो. फोनवर असलेला माणूस खोलीत धरला जात नाही. आत राहिलेल्यांचं एकमत होतं. ठराव झाला की घरच्यांचं बोलणंही संपतं आणि माणूस आत येऊन चहा घेतो. ना भांडण, ना वाईटपणा. जो तो घरी जाऊन सांगायला मोकळा की मी काही त्या ठरावात नव्हतो.

हे सगळं टिपून घेणारे पक्षाचे चिटणीस. त्यांना पाठीमागे सगळे ‘सर्वानुमते’ म्हणतात, कारण त्यांची प्रत्येक नोंद याच शब्दाने संपते. आयुष्यात दुसरा शब्द त्यांनी शेवटाला लिहिल्याचं कुणाला आठवत नाही.

वकीलसाहेब आता खूप म्हातारे झालेत. त्यांच्याकडे मोबाइल नाही. पण त्यांनाही कधीकधी ठराव पसंत नसतो. मग ते चष्म्याची डबी कानाला लावून बाहेर जातात. कुणी हसत नाही. एकदा मी कोट द्यायला वर गेलो होतो, तेव्हा ते व्हरांड्यात डबीत बोलत होते, “ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला.” मी ओशाळून खाली आलो.

तर हा व्हरांडा माझ्या इस्त्रीच्या टेबलाच्या अगदी वर येतो. मधे जुनी लाकडी तक्तपोशी. त्यामुळे वर कोणता ठराव किती नावडता आहे, हे मला पावलांवरून खाली बसल्या बसल्या कळतं. एकदोन जोडे वाजले तर किरकोळ नाराजी. चारपाच वाजले की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

अध्यक्षांनी मग एक सल्लागार आणला. बाहेरच्या शहरातून आलेला, गुळगुळीत दाढीचा, बोलताना हाताने हवेत चौकोन काढणारा. त्याने आठवडाभर पाहणी केली. त्याची माणसं भर दुपारी मोठ्या बाजारपेठेत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, “तुम्हाला संध्याकाळच्या दवाखान्याची गरज वाटते का?” ज्यांना गरज होती ते त्या वेळी कारखान्यात होते. बाजारात होते ते म्हणाले, “नाही बुवा.” झाली पाहणी.

त्याचे निष्कर्ष त्याने पडद्यावर रंगीत गोल काढून दाखवले. बायकोने घरी येऊन मला सगळं सांगितलं. ती सांगताना हसत होती, पण भाजी इतक्या जोरात चिरत होती की मी लांब उभा राहिलो.

“तो म्हणतो, आपला पक्ष म्हटलं की लोकांना दुखणं आठवतं. दवाखाना, औषध, रांग, खोकला. लोकांना पक्षाकडे बघून आनंद व्हायला हवा. म्हणून दवाखाने सोडून द्यायचे आणि आनंद धरायचा.”

“आनंद कसा धरायचा?”

“ते पुढच्या टप्प्यात सांगणार आहे. त्याचे वेगळे पैसे.”

“पण दवाखान्यांच्या वॉर्डांतच तर तुम्ही निवडून आलात.”

“मी तेच म्हटलं. तर म्हणाला, ते अपवाद आहेत. अभ्यास करताना अपवाद काढून टाकायचे असतात.” तिने सुरी खाली ठेवली. “मी अपवाद आहे, अहो. मला काढून टाकलंय.”

हे नुसतं चर्चेपुरतं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण नव्या सत्ताधाऱ्यांना दवाखाने बंदच करायचे होते. लोक बोंब मारतील आणि विरोधक त्यात तेल ओततील, एवढ्या एकाच भीतीने ते थांबले होते. विरोधक म्हणजे आम्ही. आम्हीच जर ठराव केला की दवाखाने आमचा विषय नाही, तर दुसऱ्या दिवशी कुलूप. हे न कळण्याइतकं दूधखुळं आमच्या पक्षात कुणीही नव्हतं. सगळ्यांना सगळं कळत होतं, आणि तीच खरी अडचण होती.

बायकोला पक्षाचा एक जुना नियम आठवला. तोही वकीलसाहेबांचाच. सर्वानुमते झालेल्या ठरावाविरुद्ध कुणी महापालिकेच्या सभागृहात बोललं तर त्याचं पद जातं. मात्र ठरावाला एकाचा जरी विरोध नोंदला गेला, तर सभागृहात प्रत्येकाने आपलं मत मांडायला मोकळीक. हा दुसरा भाग आजवर कधी वापरायची वेळच आली नव्हती, कारण विरोधाच्या वेळी सगळे फोनवर असत.

“मी या वेळी बाहेर जाणारच नाही,” ती म्हणाली. “खोलीत बसून राहीन आणि नको म्हणेन. एवढंच. एक विरोध, असं त्यांना लिहावं लागेल. मग सभागृहात मी कुणाच्या बापाला ऐकत नाही.”

“तुला पुढच्या वेळी उमेदवारी देणार नाहीत.”

“न देऊ देत.”

“खुर्ची हलवतील, बोलणं टाकतील. अध्यक्ष डूख धरणारा माणूस आहे.”

“तुमचे कोटाचे पैसे बुडतील, असं म्हणायचंय का?”

तसं मला मुळीच म्हणायचं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि ती कोटाच्या पैशांची नव्हती. ही बाई वर एकटी बसणार, आणि तेवढे सगळे पुरुष तिच्याकडे टक लावून बघणार, हे चित्र मला सहन होत नव्हतं. वीस वर्षं मी या पक्षाला खालून हसत आलोय. हसणाऱ्याला एक सवय लागते, आपल्या माणसाने त्या तमाशात फार पुढे उभं राहू नये असं वाटायला लागतं. पण हे सगळं मी बोललो नाही. मी फक्त म्हणालो, “बघ बाई, तुला योग्य वाटेल ते कर.” नवरे हे वाक्य ज्या अर्थाने म्हणतात, त्याच अर्थाने.

ठरावाची बैठक दुपारची होती. बायको आधी दुकानात आली. पर्समधून तिने स्वतःचा फोन काढला आणि माझ्या गल्ल्याशेजारी ठेवला.

“हा इथे राहू दे. जवळ असला की हात जातो. वाजला तरी वर आणू नका.”

“तातडीचं काही असलं तर?”

“आज काहीही तातडीचं नाही.” आणि ती जिना चढून गेली.

मी खजिनदारांचा कोट टेबलावर अंथरला आणि वाफ सोडली. थोडा वेळ वर शांतता होती. मग सल्लागाराचा आवाज एकसुरी येत राहिला. मग खुर्च्या सरकल्या, आणि तक्तपोशी करकरली. एक जोडा आला. त्यामागे दुसरा. मग दोन एकदम. खजिनदारांची टाचेला लोखंडी पट्टी असलेली पावलं मी लगेच ओळखली. मग जे सुरू झालं ते थांबेचना. माणसांमागून माणसं येत होती. वरून भुसा गळायला लागला आणि खजिनदारांच्या काळ्या कोटावर पांढरा थर बसला. शेवटी काठीचा आवाज आला, म्हणजे वकीलसाहेबही चष्म्याची डबी घेऊन बाहेर आले होते.

एवढे लोक व्हरांड्यात मी कधीच ऐकले नव्हते. अख्खा पक्ष माझ्या डोक्यावर उभा होता आणि “हो, हो, बोल,” “पोहोचलात का?”, “डॉक्टर काय म्हणाले?” असं हवेशी बोलत होता. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हा ठराव अध्यक्ष सोडून पक्षात कुणालाही हवा नव्हता. एकालासुद्धा नाही. नुसते खोलीत बसून राहिले असते, तर ठराव पहिल्याच मिनिटाला पडला असता.

आणि मग बायकोचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, अध्यक्ष.

मी वाजू दिला. तो बंद झाला आणि पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला. का उचलला, कुणास ठाऊक. वाजणारा फोन माणसाला बघवत नाही.

“लाँड्रीवाले ना?” अध्यक्षांचा आवाज दबका आणि अगदी मधाळ होता. “अहो, सिस्टर फोन खालीच विसरल्या. आणून द्या बरं वर. एकट्याच बसल्यात बिचाऱ्या. सगळे बाहेर आणि त्या आत, बरं दिसत नाही. त्यांच्या हातात फोन आला की त्यांनाही जरा बाहेर येऊन मोकळं होता येईल. मानाने. कळतंय ना?”

मला कळत होतं, पुरेपूर कळत होतं. मी फोन तसाच हातात धरून जिना चढायला लागलो. खोटं कशाला बोलू, मला तिने जिंकावं असं त्या वेळी वाटत नव्हतं. मला ती सुखरूप खाली यायला हवी होती. तिने दिलेली ताकीद आठवत होती, आणि तरी पाय वर जात होते. मी मनाला सांगितलं की मी नुसता फोन नेतोय, घ्यायचा की नाही ते ती ठरवेल. ही पळवाट मला त्या व्हरांड्यातल्या कुणीही शिकवली असती.

व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. खांद्याला खांदा लावून सगळे आपापल्या फोनमध्ये बोलत होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, फक्त वाट दिली. वकीलसाहेबांनी डबी कानाला तशीच धरून माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

आत लांबलचक टेबल, रिकाम्या खुर्च्या, थंड झालेले चहाचे कप. टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष, कानाला फोन. शेजारी वही उघडून बसलेले सर्वानुमते. पडद्यापाशी सल्लागार. आणि दुसऱ्या टोकाला माझी बायको, हात मांडीवर, ताठ.

मी दारात पोहोचलो तेव्हा ती म्हणत होती, “माझा या ठरावाला विरोध आहे.”

अध्यक्षांनी मोकळा हात वर केला. “एक मिनिट, सिस्टर. फोनवर आहे मी.”

“माझा विरोध आहे, अध्यक्ष. लिहून घ्या.”

अध्यक्षांनी फोनकडे बोट दाखवलं आणि मान हलवली, अगदी महत्त्वाचं कुणीतरी बोलतंय अशा थाटात. त्यांनी मगाशी मला लावलेला तो फोन तोडून पुन्हा लावला होता. म्हणजे ते जिची वाट पाहत होते ती त्यांच्या समोर बसली होती, आणि तिचा फोन माझ्या हातात वाजत होता.

तिने वळून पाहिलं. मला पाहिलं, फोन पाहिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“आणलात का?” ती म्हणाली.

“ते म्हणाले…” मी म्हणालो.

तिने उठून माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता ती बाहेर येईल. ती बाहेर आली नाही. ती तिथेच उभी राहिली, बटण दाबलं, फोन कानाला लावला आणि टेबलापलीकडे अध्यक्षांच्या डोळ्यांत बघत एकेक शब्द सावकाश म्हणाली, “समोर बसून ऐकू येत नाही ना? आता येतंय? माझा विरोध आहे. दवाखाने बंद करायला मी नको म्हणतेय. मी नको म्हणतेय, हे लिहा.”

अध्यक्षांच्या कानात तो आवाज दोन्हीकडून गेला असणार. त्यांनी डोळे मिचकावले. बाहेर व्हरांड्यातलं बोलणं एकाएकी बंद पडलं. मला इतका अभिमान वाटला की भुसा पडलेला तो कोट, तो जिना, माझी ती पळवाट, सगळं विसरलो. वाटलं, हिने केलं. या लोकांच्या हयातीत पहिल्यांदा कुणीतरी नको म्हणालं.

अध्यक्षांनी फोन हलकेच टेबलावर ठेवला आणि चिटणीसांकडे पाहिलं. सर्वानुमते यांनी पेन उचललं. ते वाईट गृहस्थ नाहीत. पण हाताला शेवटी वळण पडलेलं असतं.

“सिस्टर फोनवर आहेत,” ते लिहिता लिहिता वाचत गेले. “सबब, उपस्थितांत विरोध नाही. ठराव…”

“मी इथे उभी आहे,” बायको म्हणाली. फोन अजून तिच्या कानाशी होता. तिने तो झटक्यात खाली घेतला, पण तेवढ्यात शब्द लिहून झाला होता.

“मग अध्यक्षही फोनवर होते,” मी दारातून म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “ते धरायचे तर आत कोणीच नव्हतं.”

सर्वानुमते यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अध्यक्ष मोजत नाहीत हो. अध्यक्ष म्हणजेच सभा.” सल्लागाराने त्यावर मान डोलावली, कारण तो पक्षाचा सभासद नव्हता आणि त्याला सगळं पटत होतं.

मग मी दारातून बाजूला झालो आणि सगळे एकेक करून आत आले. फोन खिशात गेले. चहा पुन्हा मागवला गेला. येता येता प्रत्येक जण माझ्या बायकोपाशी क्षणभर थांबत होता आणि हळूच म्हणत होता, “सिस्टर, मनातून मी तुमच्याच बाजूने होतो.” खजिनदार म्हणाले, आणखी बऱ्याच जणांनी म्हटलं. वकीलसाहेब आले तेव्हा मात्र तिने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, कारण त्यांना धाप लागली होती.

“मीच लिहिलं होतं ते,” वकीलसाहेब म्हणाले. “पहिल्या पानावर.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “नाडी दाखवा जरा.”

अध्यक्षांनी त्या दिवशी नव्या दिशेवर छोटंसं भाषण केलं. पक्ष आता जनतेच्या दुःखात नाही तर सुखात सहभागी होणार होता. टाळ्या झाल्या. अध्यक्ष सोडता एकाही सभासदाला हवी नसलेली दिशा पक्षाने एकमताने धरली होती, आणि मला वाटतं, असं करायला विशेष संघटना लागते.

पुढचं सभागृह लवकरच भरलं. दवाखान्यांचा विषय आला तेव्हा पद जाईल हे माहीत असूनही बायको उभी राहिली. महापौरांनी आमच्याच पक्षाचा ठराव हसत हसत वाचून दाखवला, शेवटचा शब्द मुद्दाम दोनदा, आणि म्हणाले, “बाई, आधी घरात बोलून घ्या.” सभागृह हसलं. त्यात आमच्या पक्षाचेही होते. ती पुढे बोलत राहिली, पण माइक बंद केला होता.

बंद व्हायच्या दिवशी ती दवाखान्यात गेली. मी दुकान लवकर मिटवून तिच्याबरोबर गेलो. घरी या विषयावर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. जेवायला वाढत होती, कपड्यांचं विचारत होती, बाकी सगळं नेहमीसारखं. त्यामुळे मला झोप लागत नव्हती.

कारखाने सुटले होते. दारात रांग होती, कारण कुलूप लागणार हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टर कपाटं आवरत होते. बायकोने त्यांच्याकडून रक्तदाब बघायचं यंत्र मागून घेतलं, पायरीवर स्टूल टाकलं आणि आले तेवढ्यांना तपासायला बसली. प्रत्येकाला ती सांगत होती की उद्यापासून इथे येऊ नका, सकाळच्या इस्पितळात जा. आणि प्रत्येक जण तेच विचारत होता, सकाळी कसं येणार?

विणकाम कारखान्यातली एक बाई आली. तिच्या नवऱ्याला नियमाने औषध लागतं, ते ती इथूनच न्यायची. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मग रागावून नाही, नुसतं कळून घ्यायचं म्हणून विचारलं, “तुमच्या पक्षातलं कुणीच नको म्हणालं नाही का हो, सिस्टर? एकसुद्धा नाही?”

मी बोलायला तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की ही म्हणाली, ही एकटी म्हणाली, आणि ते पुसलं गेलं ते माझ्यामुळे. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या पाहण्याने मी गप्प बसलो.

“नाही,” ती त्या बाईला म्हणाली. “सगळ्यांचं एकमत होतं.”

“तुमचंही?”

“माझंही.”

त्या बाईने बाही वर केली आणि हात पुढे केला. बायको पट्टा गुंडाळू लागली. फुगा दाबताना तिची बोटं नीट चालत नव्हती, म्हणून मी तो तिच्या हातातून घेतला आणि ती सांगेल तसा दाबत राहिलो.